बुधवारचं अळणी वरण

मोठ्या बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी तुमच्यापायी माझ्या डोक्याचा ताप काही संपत नाही. आता नव्या मदरनं ठरवलंय की तुम्ही सुरू केलेल्या आपल्या धर्मभगिनींच्या संघाचा इतिहास लिहून काढायचा. ती हुशार आहे, नागपूरला शिकलेली, तरुण, आणि एकदा मनात घेतलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. देश स्वतंत्र झाला, उद्या कुणी विचारलं की तुमचा संघ इथला की परक्यांचा, तर हातात द्यायला एक लहानसं पुस्तक असावं, असं तिचं म्हणणं. म्हणणं चुकीचं नाही. पण तुमच्याभोवती पहिल्यांदा गोळा झालेल्या पाच जणींपैकी आता मी एकटी उरले आहे, म्हणून वही आली माझ्या गळ्यात. शनिवारी ती छापायला अमरावतीला जायची आहे. आज बुधवार. चाळीस पानं भरून झाली आणि एकाच पानाशी मी चार दिवस अडकून बसले आहे. ते पान आपल्या अळणी बुधवाराचं.

तुम्ही होतात तेव्हा आपलं एकच घर होतं. आता कारंज्याला आहे, मंगरुळाला आहे, आणखीही आहेत, आणि सगळ्या घरांत बुधवारी चुलीवरच्या एकाही भांड्यात मीठ पडत नाही. वरण अळणी, भाजी अळणी. नव्या मुली येतात, पहिल्या बुधवारी पहिला घास घेऊन इकडेतिकडे बघतात, आणि मग कुणीतरी त्यांना बाजूला नेऊन हळूच कारण सांगतं. ही कारणं मी गोळा करायला घेतली आणि हात टेकले. एका घरात सांगतात की मोठ्या दुष्काळात गावाला मीठ मिळेना म्हणून तुम्ही मीठ सोडलंत. दुसरीकडे सांगतात की पटकीची साथ आली तेव्हा तुम्ही नवस बोललात. आणि नव्या मदरला सगळ्यांत आवडलेलं कारण ऐका: तुम्ही म्हणे मिठाच्या सत्याग्रहाला पाठिंबा म्हणून बुधवारी मीठ वर्ज्य केलंत! बाई, सत्याग्रह झाला तेव्हा तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली होती. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "पाहा ना सिस्टर, म्हणजे त्यांना आधीच कळलं होतं."

शेवटी मी चिडून तिला सांगून टाकलं. "मदर, कसला नवस नाई न् कसला सत्याग्रह नाई. त्या दिवशी सैपाक माह्याकडं होता. मी मीठ घालाले इसरली. तवापासून चालून राह्यलं." मला वाटलं, ती हसेल आणि पान फाडून टाकेल. उलट तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तुमच्या विसरण्यातूनसुद्धा देवानं आपल्याला तप दिलं. हे असंच्या असं लिहा, सिस्टर." मी उठले आणि म्हशीला पाणी दाखवायच्या निमित्तानं गोठ्यात जाऊन उभी राहिले. या बाया कशाचंही सोनं करतात. आणि तिथं गोठ्यात उभं राहिल्यावर मला आठवलं की तिला जे सांगितलं तेसुद्धा खरं नव्हतं. मी विसरले नव्हते. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, पापनिवेदनातसुद्धा नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्ही कुठं जाऊन सांगणार आहात?

आधी तुम्हीच आठवा की आपण कशा राहत होतो. कामरगावच्या शिवेवर कापसाचं ते जुनं गोडाऊन, कारंज्याच्या एका मुसलमान व्यापाऱ्यानं तुम्ही त्याच्या नातीचे डोळे बरे केलेत म्हणून वापरायला दिलेलं. जमिनीच्या फटींतून सरकी उगवायची आणि आम्ही ती उपटायचो. तुमच्या मूळच्या परदेशातल्या संघानं तुम्हाला मायदेशी परत बोलावलं होतं, दुष्काळाचं काम संपलं, आता या म्हणून. तुम्ही गेला नाहीत. आमच्यासारख्या चार-पाच टाकून दिलेल्या बाया दवाखान्याच्या ओट्यावर बसलेल्या होत्या, त्यांना सोडून कुठं जाऊ, असं कळवलंत, आणि बसलात वर्षानुवर्षं परवानगीच्या पत्राची वाट पाहत. आपला संघ सुरू झाला तो असा, कुणाला दर्शन वगैरे काही झालं नाही. हे मात्र मी वहीत नीट लिहिलं आहे. तुम्ही मराठी शिकलात तीही मुनशीकडून नाही, बाळंतिणींकडून. त्यामुळे तुमची उंच गोरीपान मूर्ती बघून पुण्याकडचे पाहुणे नमस्कार करायचे आणि तुम्ही तोंड उघडून अस्सल वऱ्हाडीत "काहून आले जी?" म्हटलंत की त्यांची तोंडं उघडीच राहायची. आणि मीठ! मीठ तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त लागायचं. कैरी दिसली की तुम्ही खडेमीठ शोधत सुटायचात. पेरूलाही मीठ, काकडीलाही मीठ. हे कुणाला आठवत नाही आणि मला लिहू देत नाहीत, कारण ते म्हणे शोभत नाही.

पण तुमचे नियम! दोन नियमांनी तर आम्हाला नाकी नऊ आणले. एक, ताटात येईल त्याबद्दल चांगलंवाईट काही बोलायचं नाही. दुसरा, सांगितलेल्या गोष्टीचं कारण विचारायचं नाही. आणि तिसरा होता तो आज लिहितानाही माझा हात जड होतो: घरच्या माणसांना महिन्यातल्या पहिल्या रविवारीच भेटायचं.

माझी आई पहिल्या रविवारी आली नाही, बुधवारी आली. तिला काय ठाऊक! नवरा वारल्यावर सासरच्यांनी मला हाकललं, तेव्हा हीच आई माझा हात धरून मला तुमच्या दवाखान्याच्या ओट्यावर घेऊन आली होती. तुम्ही तिला चांगल्या ओळखत होतात. आसेगावहून मंगरुळापर्यंत कुणाच्यातरी बैलगाडीत, पुढं कारंज्यापर्यंत दुसऱ्या कुणाच्या, आणि तिथून आपल्या फाटकापर्यंत पायी. मी मागच्या आडावर कपडे धूत होते. आमच्यातली थोरली, जिला आम्ही सगळ्या मोठी बहीण मानायचो, ती बादली ठेवायच्या निमित्तानं आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुही माय आलती व सकाळी. बाईनं फाटकावरून वापस लावली. गाडगं ठिवून गेली चटनीचं."

तुम्ही दवाखान्यात एका लेकराचे डोळे पुसत होतात. मी ओल्या हातांनी तशीच दारात उभी राहिले.

"बाई, माही माय आलती?"

"आलती. पहिल्या रविवारी ये म्हनलं."

"आसेगावहून आलती ते."

"मले माहीत हाये." कापसाचा बोळा बदलत, माझ्याकडे न बघता तुम्ही म्हणालात, "इथं आली तवा तू कोनाची लेक राह्यली नाई. एवढं तरी शिक आता."

तुम्ही स्वतःच्या आईला शेवटचं बोटीच्या धक्क्यावर पाहिलं होतं आणि त्यानंतर कधीच नाही, हे मला फार पुढं कळलं. कळून काय उपयोग? त्या दिवशी मी विशीची होते आणि मला तुमचा इतका राग आला होता की कानात नुसता आवाज होत होता.

स्वयंपाकाची पाळी माझी. तुरीचं वरण शिजतंय, अंबाडीची भाजी परतून झाली आहे. मिठाचं मडकं चुलीच्या डाव्या हाताला आहे. माझा हात मडक्यात जातो, खडे मुठीत येतात, आणि मी मूठ तशीच उघडते, मीठ परत मडक्यात पडतं. तुम्ही मला ओरडावं असं मला हवं आहे. सगळ्यांसमोर, नियम मोडून. माझं उत्तरसुद्धा तयार आहे, मी ते भाकरी थापता थापता घोकते आहे: "सैपाक मायनं शिकवला होता, बाई. मी कोनाचीच लेक नाई, मंग मले कसा येईन?" एवढं एकदा तुमच्या तोंडावर बोलायचं आणि मग तुम्ही मला घालवलंत तरी चालेल, आसेगावला परत जाईन.

तुम्ही घास घेतलात. थांबलात. मग दुसरा घास घेतलात. थोरलीनं घास घेतला, तुमच्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं जेवू लागली. बाकीच्या तिघींनी थोरलीकडे पाहिलं. सहा बाया अळणी वरण ओरपताहेत आणि एक शब्द नाही. आईची जवसाची चटणी तेवढी पंगतीत फिरली, कारण आपल्याकडे कुणाचं काही खाजगी नसायचं, आईचं गाडगंसुद्धा नाही. तुम्ही चटणी दोनदा घेतलीत. जेवण झाल्यावर चुलीपाशी आलात. मी पदर खोचून तयार. आणि तुम्ही काय म्हणालात? "चटनी लय चांगली हाये. संपली की सांग." आणि गेलात. बाई, माझं ते घोकलेलं उत्तर घशात अडकलं ते अजून तिथंच आहे.

एवढ्यावर मिटलं असतं. पण पुढच्या आठवड्यात पाळी थोरलीची. मंगळवारी ती मला गाठून कुजबुजली, "उद्या अळनीच कराचं ना व? बाईनं तुले सांगतलं काय तसं?" आता मी नाही म्हटलं तर माझं बिंग उघडं पडणार. मी मान हलवली. तीही धड हो नाही, धड नाही नाही. ती म्हणाली, "मले वाटलंच. बाई काई बोलल्या नाईत, तवाच मी समजली." कारण विचारायचं नाही हा नियम तुमचाच. तिनं विचारलं नाही. तिच्या पुढच्या आठवड्यात तिसरीनं विचारलं नाही. महिन्याभरात तो नियम झाला, आणि वर्षभरात तर नव्यानं आलेल्या मुलींना तो आपण जन्मापासून पाळत असल्यासारखा वाटू लागला. दर बुधवारी मी तुमच्या तोंडाकडे बघायचे. आज बोलतील, आज ताट सरकवतील. सोळा वर्षं, बाई! सोळा वर्षं तुम्ही जेवत राहिलात आणि मी चिडत राहिले.

आई पुन्हा आली नाही. पुढच्या पावसाळ्याआधी ती गेली, आणि मला ते कळलं महिनाभरानं. त्याबद्दल मी तुम्हाला माफ केलं असं मी खूपदा म्हटलं आहे, प्रार्थनेत, मोठ्यानं, आणि दर वेळी पुढच्या बुधवारी पुन्हा राग यायचा.

आता तुम्हाला सांगते, हे सगळं आज उकरून का निघालं. तुमची परदेशातली बहीण वारली. तिच्या घरच्यांनी तुम्ही तिला लिहिलेली पत्रं एका पत्र्याच्या डब्यात घालून आपल्याकडे धाडली. ती भाषा येणारे एक म्हातारे फादर आले आणि रविवारी त्यांनी आम्हाला ती मराठीत सांगितली. उन्हाळा, बोकडानं खाल्लेला पडदा, पाहुण्यांचं हसणं, सगळं होतं. आणि एका पत्रात बुधवार होता. तुम्ही लिहिलं होतं की माझ्या या मुलींनी आपल्या मनानं आठवड्यातून एक दिवस मीठ सोडलं आहे. मी सांगितलेलं नाही. विचारलं तर त्या लाजतील, म्हणून मी विचारत नाही. त्यांचं मन मोडू नये म्हणून मीही तसंच खाते, पण तुला म्हणून सांगते, मला ते जेवण अजिबात आवडत नाही, मंगळवारपासूनच माझा जीव उदास होतो.

नवी मदर रडली. सगळ्याच रडल्या. मी एकटी हसत सुटले, आणि म्हातारीचं डोकं फिरलं असं समजून मला पाणी दिलं. तुम्ही आमच्यासाठी अळणी खात होतात, आम्ही तुमच्यासाठी. एकीनं, एकीनं जरी तोंड उघडून विचारलं असतं की हे काय चाललंय! पण नाही. तोंडात मिठाची गुळणी धरायची आणि ताटात मीठ नाही, असली तऱ्हा. मग मी फादरना ते पत्र पुन्हा सांगायला लावलं, त्याच्या आधीचं आणि नंतरचंही. माझ्या आईचा उल्लेख कुठंच नाही. पडद्याचा आहे, बोकडाचा आहे, आईचा नाही.

आणि मग मला तुमचा शेवटचा बुधवार नव्यानं कळला. वैशाखातली दुपार आहे. तुमची खाट ओसरीत आहे, पडद्यावर पाणी मारून मारून थोरलीचे हात सुरकुतलेत. पंधरा दिवस तुमच्या पोटात पेजेशिवाय काही नाही. मी वाटी घेऊन बसले आहे. तुम्ही डोळे उघडता आणि अगदी लहान पोरीसारखं विचारता, "जवसाची चटनी हाये का व? थोडीशी?"

चटणी आहे. दर हिवाळ्यात मीच करते, आईच्या हातची तशी, जवस जरा जास्त भाजून, मीठ सढळ घालून. गाडगं तुमच्या खाटेपासून चार पावलांवर कपाटात आहे. मी उठते, कपाटाचं दार उघडते, हात गाडग्यावर ठेवते. आणि म्हणते, "आज बुधवार हाये, बाई."

तुम्ही माझ्याकडे बघता. "हो व," तुम्ही म्हणता. "तुमचा बुधवार." आणि पेजेसाठी तोंड उघडता.

तेव्हा मला वाटलं, तुम्ही तापात बरळताय. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, चटणी द्यायला कुणाची काही हरकत नव्हती त्या दिवशी, तुम्ही गेलात.

थोरलीनं दिली नसती तर मी समजू शकले असते. तिला तो नियम वाटत होता. सगळ्या जगात मी एकटी अशी होते जिला ठाऊक होतं की बुधवार म्हणजे काहीच नाही, एका पोरीचा राग आहे. मी देऊ शकत होते. हात गाडग्यावर होता. मी वाट बघत होते, बाई. नुसती चटणी नाही, "तुह्या मायची चटनी" असं म्हणाल म्हणून. तो एक शब्द तुम्ही बोलला असतात तर मी सगळं गाडगं तुमच्यापुढं ठेवलं असतं. मरणाऱ्या माणसाकडून मी एक शब्द वसूल करायला बसले होते. हे मी पुस्तकात कुठल्या पानावर लिहू?

वहीत मी आज सकाळी एक ओळ लिहून टाकली: "बुधवारी अळणी जेवण्याची पद्धत संघात पहिल्यापासून आहे; ती कशी सुरू झाली हे सांगणारं आता कुणी उरलेलं नाही." नवी मदर नाराज होईल, तिला सत्याग्रह हवा होता, नाहीतर माझं विसरणं, नाहीतर तुमचं ते पत्र. होऊ दे. शनिवारी वही जाईल आणि हे कागद तिच्यात नसतील, चुलीत जातील किंवा माझ्या पेटीच्या तळाशी राहतील.

आणखी एक सांगायचं राहिलं. गुडघ्यांमुळे मला स्वयंपाकाच्या पाळीतून सूट आहे, पण आज मी हट्टानं पाळी घेतली. वरणात मीठ घातलं. भाजीत घातलं. वर जवसाची चटणी काढली आणि पंगतीत स्वतः वाढत गेले. तेरा जणी जेवायला होत्या. पहिल्या घासाला नव्या मदरचा हात थांबला, तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घालून जेवू लागली. मग सगळ्याच जेवू लागल्या. धनज गावाहून नुकतीच आलेली एक मुलगी आहे, तिनं वरण तीनदा घेतलं आणि बोटं चाटली, पण तोंडातून शब्द नाही. पुढच्या बुधवारी ज्या कुणाची पाळी असेल ती मीठ घालेल, का ते विचारणार नाही, आणि दहा वर्षांनी त्याचंही काहीतरी कारण तयार होईल. मला इतका संताप आला! एकीनं तरी म्हणावं की नाही, सिस्टर, आज हे काय केलंत? आणि खरं सांगू का, चटणी वाढताना मला मोठ्यानं सांगायचं होतं की ही माह्या मायची हाये. प्रत्येक ताटापाशी थांबले. तेराही ताटांपाशी. तोंड उघडलं आणि मिटलं, आणि पुढं सरकले. कोणाची लेक म्हणून विचाराल, बाई, तर तुमचीच निघाले मी.